प्रभारी ॲडमिरल : विल्फ्रेड टॉमकिन्सन आणि इन्व्हरगॉर्डनचे ते दिवस

सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाला ‘प्रभारी’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. साहेब आजारी पडतात, कार्यभार दुसऱ्याकडे येतो. सह्या त्याच्या, जबाबदारी त्याची. पण टपाल मात्र जुन्याच टेबलावर पडत राहतं. मी स्वतः आस्थापना शाखेत बरीच वर्षं काढली. त्यामुळे ब्रिटिश नौदलातल्या रिअर ॲडमिरल विल्फ्रेड टॉमकिन्सन यांचं १९३१ सालचं, पगारकपातीवरून खलाशांनी जहाजं हलवायला नकार दिला तेव्हाचं, प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्कॉटलंडचं बंदर, अवाढव्य युद्धनौका, बारा हजार खलाशी हे सगळं मागे पडलं आणि डोळ्यांपुढे राहिली ती फक्त एक तार. ३ सप्टेंबरची तार. ती ज्याला मिळायला हवी होती त्याच्या हातात पडलीच नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एका कर्तबगार अधिकाऱ्याची कारकीर्द त्या तारेपाशी अडखळली, आणि पुढे पाच महिन्यांनी एका पत्रानं संपली.

टॉमकिन्सन साधा माणूस नव्हता. १८७७ चा जन्म. चीनमधल्या बॉक्सर उठावाच्या काळात तो रॉजर कीज या धडाडीच्या अधिकाऱ्याबरोबर ‘फेम’ विनाशिकेवर होता आणि तिथे जुळलेली मैत्री जन्मभर टिकली. ऑगस्ट १९१४ मध्ये हेलिगोलँडच्या लढाईत तो ‘लर्चर’ या विनाशिकेचा कप्तान होता. जर्मन क्रूझर ‘माइन्झ’ बुडायला आली असताना ‘लर्चर’ थेट तिच्या कुशीला लावून तिच्यावरचे जर्मन खलाशी उतरवून घेतले गेले. शत्रूचं जहाज केव्हाही पालथं होईल अशा स्थितीत त्याला खेटून उभं राहायला काय काळीज लागतं, याची कल्पना मांडव्याच्या धक्क्याला भर पावसात लाँच लागताना पाहिलेल्यांना थोडी तरी येईल. १९१८ मध्ये डोव्हरच्या विनाशिकांची कमान त्याच्याकडे होती. १९२० मध्ये जगातली सर्वांत मोठी युद्धनौका ‘हूड’ सेवेत आली, तिचा पहिला कप्तान हाच. १९२९ ते १९३१ लंडनच्या ॲडमिरल्टीत, म्हणजे नौदलाचा कारभार चालवणाऱ्या खात्यात, साहाय्यक नौदल प्रमुखाचं काम. आणि एप्रिल १९३१ मध्ये युद्धक्रूझर पथकाचा प्रमुख म्हणून तो पुन्हा ‘हूड’वर आला, या वेळी डोलकाठीवर स्वतःचा ॲडमिरलचा झेंडा लावून. अशा माणसाला पुढे आणखी दोन-तीन पायऱ्या नक्की चढायच्या होत्या.

एक शिलिंग

आता पगाराचा मुद्दा. तो नीट समजल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही.

१९१९ मध्ये ब्रिटिश नौदलात खलाशांचे पगार बऱ्याच वर्षांनी वाढले आणि प्रशिक्षित खलाशाला, म्हणजे तिथल्या ‘एबल सीमन’ला, दिवसाला ४ शिलिंग मिळू लागले. १९२५ मध्ये सरकारनं ठरवलं की यापुढे जे भरती होतील त्यांना ३ शिलिंगच. पण आधीपासून सेवेत आहेत त्यांचा दर कायम राहील, असा शब्द दिला गेला. जुना दर, नवा दर. एकाच जहाजावर, एकाच टेबलावर जेवणारे दोन खलाशी, काम तेच, पगार वेगळा. आपल्याकडे जुनी पेन्शन आणि नवी पेन्शन एका शाखेत शेजारी बसतात, तसंच ते होतं. आपल्याला मिळालेला शब्द पाळला जाईल या भरवशावर जुन्या दराच्या लोकांनी लग्नं केली, भाड्यानं घरं घेतली, हप्त्यांवर सामान घेतलं.

१९३१ च्या उन्हाळ्यात मंदीनं ब्रिटनची तिजोरी रिकामी होऊ लागली. सर जॉर्ज मे यांच्या समितीनं काटकसरीचा अहवाल दिला, ऑगस्टच्या अखेरीस मजूर सरकार पडलं आणि रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी सर्वपक्षीय राष्ट्रीय सरकार बनवलं. १० सप्टेंबरला अर्थमंत्री स्नोडन यांनी अंदाजपत्रक मांडलं. नौदलासाठी त्यात ठरलं ते असं : जुन्या दरावरच्या सगळ्यांना नव्या दरावर आणायचं. कागदावर हे फार स्वच्छ दिसतं. एक दर, एक नियम. पण हिशेब करून बघा. दिवसाला चारचे तीन म्हणजे आठवड्याला २८ शिलिंगांचे २१. तब्बल पंचवीस टक्के कपात, आणि तीही सर्वांत खालच्या पगारावर. वरच्या हुद्द्यांची कपात टक्क्यांत याहून पुष्कळच कमी होती. शिवाय लग्नाचा भत्ता पंचवीस वर्षांचं वय झाल्यावरच मिळायचा, म्हणजे लवकर लग्न केलेल्या पोराच्या बायकोला तर भत्त्याचाही आधार नव्हता. आठवड्याला सात शिलिंग गेले की घरभाडं की किराणा हे त्या बाईला पोर्ट्समथ किंवा प्लिमथच्या एका खोलीत बसून ठरवावं लागणार होतं, आणि नवरा असणार होता समुद्रावर.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. एका टक्केवारीची चूक. ॲडमिरल्टीच्या टेबलावर बसलेल्या कुणीतरी ‘सगळ्यांना नवा दर’ या वाक्याचं भाषांतर ‘सर्वांत गरीब माणसाला चौथा हिस्सा कमी’ असं करून मोठ्यानं वाचून दाखवायला हवं होतं. मंत्रिमंडळाला हा आकडा खणखणीतपणे सांगणं हे नौदलाच्या वरिष्ठांचं काम होतं. ते झालं नाही.

जुन्या टेबलावरचं टपाल

अटलांटिक ताफ्याचे सरसेनापती ॲडमिरल सर मायकेल हॉजेस होते. ताफा शरद ऋतूतल्या सरावासाठी उत्तरेला निघायच्या सुमारास ते आजारी पडले आणि त्यांना इस्पितळात हलवावं लागलं. समुद्रावर असलेल्यांत सर्वांत ज्येष्ठ म्हणून ताफ्याचा कार्यभार टॉमकिन्सनकडे आला. सरसेनापतींची ध्वजनौका ‘नेल्सन’, टॉमकिन्सनची ‘हूड’. ‘नेल्सन’ अजून पोर्ट्समथलाच होती.

पगारकपात येणार आहे, कशामुळे येणार आहे, हे सांगणारी ॲडमिरल्टीची तार ३ सप्टेंबरला सरसेनापतींच्या नावे आली. ती ‘नेल्सन’च्या कचेरीत नोंदली गेली आणि तिथेच राहिली. कार्यभार दिला-घेतला गेला तेव्हा ती टॉमकिन्सनच्या नजरेला आणून दिली गेली नाही. पुढचं सविस्तर पत्रही ‘नेल्सन’च्याच पत्त्यावर गेलं. म्हणजे ज्या माणसानं बारा हजार लोकांना पगार का कापला हे समजावून सांगायचं, त्याच्याकडे ना आकडे होते ना कारणं. त्याला ही बातमी मिळाली ती खलाशांना मिळाली तशीच, बाहेरून.

शुक्रवार, ११ सप्टेंबरला ताफा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर क्रोमार्टीच्या खाडीत इन्व्हरगॉर्डनला नांगरला. ‘हूड’, ‘रॉडनी’, ‘वॉरस्पाइट’, ‘मलाया’, ‘व्हॅलियंट’, ‘रिपल्स’, ‘नॉरफोक’, ‘डॉर्सेटशायर’ अशी ती रांग होती. वर्तमानपत्रं जहाजांवर आली. काही बातम्यांवरून तर खालच्या सगळ्याच हुद्द्यांना सरसकट पंचवीस टक्क्यांची कात्री लागणार असं वाटत होतं. खरं काय ते सांगायला जहाजावर कुणीच नव्हतं.

शनिवारी किनाऱ्यावर खलाशांच्या बैठका सुरू झाल्या. रविवारी, १३ तारखेला संध्याकाळी कँटीनमध्ये भाषणं झाली. गस्तीवरचा अधिकारी आत आला तेव्हा त्याच्या दिशेनं बियरचा ग्लास भिरकावला गेला. जादा गस्त मागवून कँटीन रिकामं करावं लागलं.

सोमवारी टॉमकिन्सननं ॲडमिरल्टीला कळवलं, आणि इथे त्याचं चुकलं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. कँटीनमध्ये किरकोळ गडबड झाली, शिस्तीच्या दृष्टीनं आपण तिला महत्त्व देत नाही, पण वृत्तपत्रं तिखटमीठ लावतील म्हणून कळवत आहोत, असा त्या तारेचा आशय होता. ‘महत्त्व देत नाही’ हे शब्द पुढे त्याच्याच अंगावर आले. लंडनला जाग आणायची असेल तर हीच वेळ होती. खालचा डेक, म्हणजे साधे खलाशी, का चिडलाय, कोणत्या आकड्यावर चिडलाय, हे त्यानं सोमवारी सकाळीच ठणकावून लिहायला हवं होतं.

त्या रात्रीचं एक चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. सोमवारी रात्री ‘हूड’वर टॉमकिन्सनच्या दालनात आधीपासून ठरलेली मेजवानी होती. बाकीचे ॲडमिरल, जहाजांचे कप्तान आलेले. किनाऱ्यावर कँटीनबाहेर पुन्हा सभा झालेली, आणि बोटी भरभरून परतणारे खलाशी एका जहाजाकडून दुसऱ्याकडे ललकाऱ्या देत होते. रात्रीच्या शांत खाडीत पाण्यावरून आवाज किती लांब जातो! कप्तानांनी तिथेच आपापसांत विचार केला. सकाळचा सराव रद्द करावा का? रद्द केला तर घाबरलो असं दिसेल. नाही केला आणि जहाजं हललीच नाहीत तर? ठरलं की सराव ठरल्याप्रमाणे होईल. रात्री लंडनला दुसरी तार गेली. या वेळी तिच्यात कपातीचा असंतोष स्पष्ट होता. पण लंडन झोपलेलं होतं.

मंगळवार

१५ सप्टेंबरच्या पहाटे ‘रिपल्स’ वेळेवर निघाली. बाकीच्या निघायच्या जहाजांवर नांगर वर आलेच नाहीत. ‘हूड’वर अधिकारी आणि तांडेल दर्जाचे लोक पुढच्या डेकवर साखळ्या सोडवायला गेले तर खलाशांनी वाट अडवली. ज्या रॉयल मरीन जवानांनी बंड मोडायचं ते बहुतेक खलाशांच्याच बाजूनं उभे राहिले. ‘रॉडनी’वर पियानो ओढून डेकवर आणला गेला आणि गाणी सुरू झाली. एका जहाजावरून जयघोष उठायचा, दुसऱ्यावरून उत्तर यायचं. कुठेही अधिकाऱ्यांना मारहाण झाली नाही. खलाशांनी आवश्यक ती कामं चालू ठेवली. फक्त जहाज समुद्रात न्यायचं नाही, एवढाच निर्धार. ‘नॉरफोक’वरच्या खलाशांनी जाहीरनामा लिहिला, त्याची सुरुवातच राजाशी एकनिष्ठ असल्याच्या ग्वाहीनं होती, आणि मागणी होती सर्वांत कमी पगार असलेल्यांची कपात बदलण्याची. घरातल्या बायकापोरांच्या हालांचा त्यात उल्लेख होता.

आणि इथून पुढच्या दीड दिवसात टॉमकिन्सन मला मोठा वाटतो.

त्यानं सराव थांबवला, बाहेर गेलेल्या जहाजांना परत बोलावलं, रजा बंद केल्या. बळ वापरलं नाही. प्रत्येक कप्तानाला आपल्या खलाशांच्या अडचणींची खरीखुरी उदाहरणं गोळा करायला सांगितली आणि ती घेऊन ताफ्याचे चीफ ऑफ स्टाफ रिअर ॲडमिरल कॉल्व्हिन यांना लंडनला पाठवलं. सोमवारी सकाळी व्हायला हवं होतं ते काम मंगळवारी झालं, पण झालं. लंडनहून सुरुवातीला उत्तर आलं ते इतकंच की महिनाअखेरपर्यंत जुनाच पगार मिळणार आहे, खलाशांनी परंपरेला जागावं. टॉमकिन्सननं लगेच कळवलं की याचा अर्थ खलाशी ‘पुढच्या महिन्यापासून कपात ठरलीच’ असाच घेतील. बुधवारी पहाटे त्यानं आणखी स्पष्ट लिहिलं : ताबडतोब काही सवलत दिली नाही तर परिस्थिती हाताबाहेर जाईल. जुन्या दरावरच्यांची कपात दहा टक्क्यांपुरती ठेवावी, आणि ॲडमिरल्टीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या सदस्यांनी स्वतः इन्व्हरगॉर्डनला यावं. प्रभारी अधिकाऱ्यानं मंत्रिमंडळाला आकडा सुचवणं ही लहान गोष्ट नव्हे.

बुधवारी दुपारी ॲडमिरल्टीचा हुकूम आला : जहाजांनी आपापल्या बंदरात परतावं, अडचणींची चौकशी होईल. काही जहाजांवर कुरकुर झाली, ‘हूड’वर तर यंत्रांची मोडतोड करण्याच्या धमक्याही ऐकू आल्या. पण रात्रीपर्यंत सगळा ताफा नांगर उचलून निघाला. एक गोळी सुटली नाही, एक माणूस दगावला नाही.

लंडनच्या बाजारात मात्र ‘ब्रिटिश नौदलात बंड’ या बातमीनं पौंडाचं कंबरडंच मोडलं. २१ सप्टेंबरला ब्रिटननं सुवर्णमानक, म्हणजे पौंडाची किंमत सोन्याशी बांधून ठेवायची पद्धत, सोडलं. त्याच दिवशी पंतप्रधानांनी जाहीर केलं की कपात दहा टक्क्यांपेक्षा जास्त होणार नाही. म्हणजे टॉमकिन्सननं पहाटे सुचवलेला आकडा पाच दिवसांत सरकारचं धोरण झाला.

शाबासकी आणि पत्र

प्रसंग चालू असताना ॲडमिरल्टीनं टॉमकिन्सनच्या कृतीला तारेनं संमती दिली होती. नौदलमंत्री सर ऑस्टिन चेंबरलेन यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं होतं की झालं ते झालं, मागे वळून बघणार नाही, कुणाला शिक्षा नाही. काही महिन्यांतच यातलं काहीही उरलं नाही. ताफ्यातले अनेक खलाशी जहाजांवरून हलवले गेले आणि त्यांतल्या २४ जणांना ‘सेवेची गरज नाही’ म्हणून घरी पाठवलं. चेंबरलेन पदावरून गेले, बोल्टन एअर्स-मॉन्सेल नौदलमंत्री झाले. अटलांटिक ताफ्याचे नवे सरसेनापती सर जॉन केली यांनी चौकशी करून जो अहवाल दिला त्यात ॲडमिरल्टीच्या कारभारावर रोखठोक टीका होती.

पण घाव पडला तो एकाच अधिकाऱ्यावर. १९३२ च्या सुरुवातीला ‘हूड’ आणि तिचं पथक वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होतं. त्या फेब्रुवारीत टॉमकिन्सनला व्हाइस ॲडमिरलची बढती मिळाली, आणि त्याच महिन्यात २ फेब्रुवारीच्या तारखेचं पत्रही मिळालं. त्याची दोन वर्षांची नेमणूक कापून ऑगस्ट १९३२ च्या मध्यावर संपवण्यात आली होती. आरोप होता निर्णयातल्या गंभीर चुकीचा : १३ आणि १४ सप्टेंबरला असंतोष दिसू लागला असताना त्यानं ठाम कृती केली नाही, परिस्थिती वाहत जाऊ दिली. ते दोन दिवस नीट हाताळले असते तर उद्रेक बहुधा झालाच नसता, असं बोर्डाचं मत.

या निष्कर्षाशी मी अर्धाच सहमत आहे, आणि तो अर्धा भाग मी वर लपवलेला नाही. सोमवारची ती तार बोटचेपी होती. रविवारी रात्रीच कप्तानांनी आपापल्या खलाशांना एकत्र करून बोलायला हवं होतं. पण बोलायचं काय? कारणांचं पत्र ‘नेल्सन’च्या टपालात, आणि पंचवीस टक्क्यांचं समर्थन तर पत्र असतं तरी करता आलं नसतं. कँटीन बंद केलं असतं तर लोक डेकवर जमले असते. पाच-पन्नास लोकांना पकडलं असतं तर बुधवारची शांत माघार अशक्य झाली असती. ज्यानं टक्केवारी तपासली नाही, ज्यानं तार पुढे धाडली नाही, ज्यानं मंत्रिमंडळाला आधी बजावलं नाही, अशा कुणाचंही नाव त्या पत्रात नव्हतं. त्या वेळचे नौदलाचे सर्वोच्च अधिकारी सर फ्रेडरिक फील्ड १९३३ मध्ये ॲडमिरल ऑफ द फ्लीट झाले.

मला सर्वांत जास्त खुपतो तो क्रम. आधी लेखी संमती, मग पाच महिन्यांनी लेखी ठपका, मधे त्याचं म्हणणं मांडायची उघड संधी नाही. खात्यांतर्गत चौकशीत आपण आरोपपत्र देतो, खुलासा मागतो, मग निर्णय. खुलासा आवडला नाही तरी तो फाईलला लागतो. टॉमकिन्सननं नंतर आपली बाजू मांडली, कीज मित्राच्या बाजूनं ठाम उभे राहिले, पण बोर्ड बधलं नाही.

इन्व्हरगॉर्डनची आठवण मुंबईकरांना परकी वाटायचं कारण नाही. पंधरा वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९४६ ला, कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी वाईट अन्न आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध काम थांबवलं, आणि दोन-तीन दिवसांत बंदरातली जहाजं त्यांत सामील झाली. तिथे स्वातंत्र्याची आकांक्षा होती, वंशभेदाचा जाच होता, म्हणून ते प्रकरण वेगळंच. पण सुरुवात तशीच साधी, ताटातल्या अन्नापासून. तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल जॉन गॉडफ्री होते. इन्व्हरगॉर्डनला वेळेवर निघालेल्या त्याच ‘रिपल्स’चं कप्तानपद त्यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सांभाळलेलं. त्यांनी नभोवाणीवरून इशारा दिला की सरकार हाताशी असलेलं सगळं बळ वापरेल, मग त्यात नौदल नष्ट झालं तरी चालेल. कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला, शहरात शेकडो माणसं मेली. लालबाग-परळच्या ज्या घरांनी तेव्हा माणसं गमावली, त्यांच्या नातवंडांशी बोलताना मला दरवेळी टॉमकिन्सनचा तो मंगळवार आठवतो, कप्तानांना ‘अडचणींची यादी करा’ म्हणणारा.

ऑगस्ट १९३२ मध्ये टॉमकिन्सननं ‘हूड’वरून आपला झेंडा उतरवला. याच जहाजाला त्यानं बारा वर्षांपूर्वी पहिला कप्तान म्हणून सेवेत आणलं होतं. त्यानंतर त्याला समुद्रावरचं एकही पद मिळालं नाही. दुसऱ्या महायुद्धात निवृत्तीतून बोलावून त्याला ब्रिस्टल खाडीतल्या बंदरांची जबाबदारी दिली गेली, तीही त्यानं सांभाळली. मे १९४१ मध्ये ‘हूड’ बुडाली, चौदाशेहून अधिक माणसांतली तीनच वाचली. टॉमकिन्सन १९७१ पर्यंत जगला. ते पत्र मागे घेतलं गेलं नाही.